कागद कुठे पडेल?

(माजी विद्यार्थिनी, बारावी विज्ञान, १९९१)

छडी, प्रार्थना, गॅदरिंगमधली फजिती आणि मधल्या सुट्टीतली भेळ यांवर या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत भरपूर लिहून येणार, याची मला खात्री आहे. ते विषय बाकीच्यांसाठी सोडते आणि आपल्या प्रयोगशाळेतल्या सोनोमीटरवर लिहिते. आज मी धुळ्याकडच्या एका महाविद्यालयात फिजिक्स शिकवते. क्वांटम मेकॅनिक्सचा पहिला तास माझा असला की मी वर्गाला आधी तो सोनोमीटरच सांगते.

कापूस वेचणीच्या दिवसांत मागचे बाक रिकामे असायचे. उरलेल्यांना घेऊन सर थेट प्रयोगशाळेत जायचे. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेली तार, तारेच्या टोकाला लोंबणारी वजनं. एस.टी.च्या जुन्या तिकिटांचे तुकडे दुमडून सर ते तारेवर ओळीने बसवत. एक बोट तारेच्या बरोबर मध्यावर हलकेच टेकवायचं, पाव लांबीवर तार छेडायची आणि बोट उचलायचं. पण छेडण्याआधी प्रश्न ठरलेला : "कोणता कागद पडेल?" उत्तर आलं की दुसरा : "का?" पहिल्याचं उत्तर पुष्कळ जण द्यायचे, दुसऱ्याला वर्ग चिडीचूप. मग तार छेडली की बाकीचे तुकडे उडायचे आणि मधला जागच्या जागी. तो निस्पंद बिंदू. सरांचं म्हणणं एवढंच असे : दोन्ही टोकं बांधलेली आहेत, ती हलणार नाहीत, मग मधे पूर्ण लूपच, म्हणजे तारेचे पूर्ण फुगवटेच, बसतील. एक बसेल, दोन बसतील, तीन बसतील. अडीच बसणार नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला 'पार्टिकल इन अ बॉक्स' आलं, तेव्हा वर्गातले बरेच जण घाबरले होते. मला मात्र सारखी तीच तार दिसत होती. दोन भिंती, मधे एक इलेक्ट्रॉन, बाहेर पडायची सोय नाही. श्रोडिंगरचं १९२६ चं समीकरण मांडा, भिंतींपाशी तरंग शून्य असला पाहिजे अशी अट घाला, झालं : पूर्ण लूपच बसतात. बारावीच्या मुलांना समीकरणाशिवायही उत्तर काढता येईल. पेटीची लांबी एल आणि लूप एन असतील, तर तरंगलांबी दोन एल भागिले एन. तरंगलांबी आणि संवेग यांना जोडणारं डी-ब्रॉग्लीचं सूत्र वापरून तिच्यावरून संवेग काढा, संवेगाच्या वर्गाला वस्तुमानाच्या दुपटीने भागा, ऊर्जा हातात.

तार आणि पेटी यांत फरक पडतो तो इथे. तारेची वारंवारता एक, दोन, तीन अशा पटीत चढते. इलेक्ट्रॉनची ऊर्जा एक, चार, नऊ, सोळा अशी चढते, कारण तिच्यात संवेगाचा वर्ग आहे. आणि तार गप्प बसू शकते, इलेक्ट्रॉनला ती मुभा नाही. एन शून्य घेतला तर तरंगच उरत नाही, म्हणजे पेटीत इलेक्ट्रॉनच नाही. एक नॅनोमीटर लांबीच्या पेटीत त्याची कमीत कमी ऊर्जा सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. पुढची पायरी १.५०, त्यापुढची ३.३८. हेच गणित कंपासपेटीतल्या गोटीला लावा. पाच ग्रॅमची गोटी आणि पंधरा सेंटिमीटरची पेटी धरली, तर ज्यूलमध्ये उत्तर लिहिताना दशांश चिन्हानंतर त्रेसष्ट शून्यं काढावी लागतात आणि मग कुठे पाच येतो. गोटीला पायऱ्या नाहीत असं नव्हे, त्या दिसण्याजोग्या नाहीत.

इथे पुस्तकांवर माझा एक राग आहे. बहुतेक पुस्तकांत ऊर्जेच्या आडव्या रेषा आणि त्यांच्याच अंगावर तरंग, असं एकच चित्र छापतात. मुलांना वाटतं, इलेक्ट्रॉन त्या नागमोडी वाटेने वरखाली जातो. मी दोन चित्रं वेगळी काढायला लावते : एक ऊर्जेचं, दुसरं तरंगाच्या वर्गाचं. दुसरं सांगतं की पाहिलं तर तो कुठे सापडण्याची शक्यता किती. पेटीचे तीन सारखे भाग करा. आतमध्ये साधी गोटी एकाच वेगाने इकडून तिकडे आपटत असती, तर मधल्या भागात सापडण्याची शक्यता ३३ टक्के. इलेक्ट्रॉन पहिल्या पायरीवर असेल तर ती सुमारे ६१ टक्के. दुसऱ्या पायरीवर एकदम २० टक्क्यांच्या आत, आणि नेमक्या मध्यावर तर शून्य, म्हणजे सरांचा न पडणारा कागद.

यावर दरवर्षी कुणीतरी विचारतंच. शिरपूरकडच्या एका मुलाने तर सरळ अहिराणीतच विचारलं, "मॅडम, मंग तो मझार काय करी राहिना?" प्रश्न अगदी रास्त. मध्यावर तो कधी सापडतच नाही, तर डावीकडून उजवीकडे जातो कसा? 'जातो' हे आपण गोटीवरून धरून चाललेलो असतो. ऊर्जा ठरलेली असताना शक्यतेचं चित्र वेळेबरोबर बदलत नाही, तरंग दोन्ही बाजूंना एकदमच असतो. इकडून तिकडे काही हलायला हवं असेल, तर दोन पायऱ्यांचं मिश्रण लागतं. पहिली आणि दुसरी मिसळली की शक्यतेचा फुगवटा डावीकडून उजवीकडे आणि परत असा झुलतो, आणि त्याची वारंवारता दोन पायऱ्यांमधल्या ऊर्जेच्या फरकावर ठरते. एक नॅनोमीटरच्या पेटीत हे सेकंदाला २७० लाख कोटींहून अधिक वेळा होतं.

हे सगळं कागदावरच राहतं असं वाटत असेल, तर टीव्हीच्या दुकानात जाऊन क्यूएलईडी मागा. त्यात क्वांटम डॉट असतात, काही नॅनोमीटरचे अर्धवाहकाचे कण. पेटीची लांबी निम्मी केली की ऊर्जा चौपट होते. त्याच न्यायाने कण लहान तसा त्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो आणि मोठा तसा लालकडे. पदार्थ तोच, फक्त माप वेगळं. खऱ्या कणात हिशेब जास्त गुंतागुंतीचा असतो, पण दिशा हीच. या कामासाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

सर तास संपताना फळ्याच्या कोपऱ्यात एक गणित लिहून जायचे आणि उत्तर कधीच सांगायचे नाहीत. त्यांच्या वतीने एक मी इथे लिहिते. तिसऱ्या पायरीवर मधल्या भागातली शक्यता बरोबर एक तृतीयांश येते, अगदी गोटीइतकीच. चौथीवर ती सुमारे ४० टक्के. बरोबर एक तृतीयांश पुन्हा कोणकोणत्या पायऱ्यांवर येईल, आणि का? बारावीला इंटिग्रेशन झालेलं असतं, तेवढं पुरतं.