एक साधा प्रश्न

गिनीपिगच्या दोन्ही कुशींवर उघडी पडलेली कातडी पाहून पशुवैद्यांनी आज औषधाचे नाव काढण्याआधी एवढेच विचारले, "ती खाजवते का?"

खाजवत नव्हती. खरजेचे किडे असते तर ती खाजेने बेजार झाली असती, काही गिनीपिगना त्या त्रासात झटकेही येतात. बुरशी बहुधा तोंडाभोवती खपल्या धरून सुरू होते. मात्र मादीचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच आणि खाजेविना गळत असतील, तर पहिला संशय अंडाशयातील सिस्टचा, म्हणजे द्रवाने भरलेल्या गाठीचा, घ्यावा लागतो व त्यासाठी सोनोग्राफी करावी लागते. (कानामागचे छोटे टक्कल नैसर्गिकच असते.)

मलमाची घाई करण्याआधी केस नेमके कुठले गेले, हे आपल्यापैकी किती जण पाहतात?