तुम्ही विचारलंत म्हणून: विमान शिकायला धुळे की ॲरिझोना?

"मुलाला पायलट व्हायचंय. बाहेर पाठवू की इथेच शिकू दे?" मी पायलट, म्हणून हा प्रश्न मला सोसायटीच्या गेटवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आईच्या भिशीच्या मैत्रिणी तर फोन करून विचारतात. गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठलं. मी ड्यूटीला निघाले होते, खाली गाडी उभी होती. घाईत दोन वाक्यं बोलले आणि नंतर दिवसभर रुखरुख लागली. काकू, ते उत्तर अपुरं होतं. आता नीट सांगते.

मुंबईतल्या मुलाला विमान शिकायला घर सोडावंच लागतं, हे आधी लक्षात घ्या. जेआरडी टाटांना 10 फेब्रुवारी 1929 रोजी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच शहरातल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकून. आज त्या क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला चालतं. बाकी मुलं बारामती, शिरपूर, गोंदिया गाठतात. त्यामुळे 'घरी राहून शिकेल' हा पर्याय यादीत नाहीच. मूल परगावी जाणार की परदेशी, एवढंच ठरवायचं आहे.

मी 2013 साली अमेरिकेत ॲरिझोनाला शिकायला गेले. कारण सरळ होतं. इथल्या संस्थेत शिकणारी माझी मैत्रीण दीड वर्षात उड्डाणाच्या सत्तर तासांवर अडकली होती. कधी विमान दुरुस्तीला, कधी इन्स्ट्रक्टर नाही, आणि जून ते सप्टेंबर पावसामुळे बहुतेक दिवस आकाश बंद. ॲरिझोनात वर्षातले बहुतेक दिवस निरभ्र असतात. उन्हाळ्यात दुपारी पारा 40च्या वर जातो, म्हणून आम्ही पहाटे उडायचो. रोज उडत गेलं की हात बसतो. आज शिकलेलं परवा विसरत नाही. अकरा महिन्यांत 212 तास झाले. बाहेर शिकण्याचा हा फायदा खरा आहे आणि तो मी कधीच नाकारणार नाही.

पैशांचं गणित मात्र बाबांना विचारा. मी निघाले तेव्हा डॉलर 54 रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टअखेरीस त्याने 68 ओलांडले. फीचे वीस हजार डॉलर भरायचे बाकी होते. तेवढ्यावर सुमारे पावणेतीन लाखांचा फरक पडला. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी पीएफमधून रक्कम काढली आणि मला ते दोन वर्षांनी कळलं.

खरा फटका बसला तो परतल्यावर. अमेरिकेचा परवाना घेऊन इथल्या एअरलाइनमध्ये बसता येत नाही. डीजीसीएकडे, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाकडे, कन्व्हर्जन करून तो भारतीय परवान्यात बदलून घ्यावा लागतो, आणि तिथे लॉगबुकातली, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीतली, प्रत्येक ओळ तपासली जाते. आपल्याकडे कमर्शियल परवान्याला एकूण 200 तास लागतात, त्यातले 100 पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेले. अमेरिकेत सुरुवातीचा प्रायव्हेट परवाना हातात आला की शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असला, तरी विमान स्वतः चालवलेला वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. तिथे ते नियमाला धरूनच आहे. आपल्याकडे तोच तास ड्युअल, म्हणजे इन्स्ट्रक्टरसोबत शिकण्याचा. माझ्या लॉगबुकात 118 तास पीआयसी लिहिले होते. इन्स्ट्रक्टरसोबतचे वगळल्यावर 87 उरले. तेरा तास कमी! भारतीय मुलांना शिकवायची जाहिरात करणाऱ्या त्या शाळेने हे एकदाही सांगितलं नव्हतं, आणि मीही जाण्यापूर्वी इथले नियम वाचले नव्हते.

परतले तो जून महिना. तेरा तासांसाठी ऑक्टोबरची वाट पाहिली. त्या चार महिन्यांत एअर रेग्युलेशन्स (हवाई नियम) आणि कॉम्पोझिट (नेव्हिगेशन आणि हवामान एकत्र) या डीजीसीएच्या पेपरांचा अभ्यास केला, त्यांचं पासिंग 70 टक्क्यांना. आरटीआरची, म्हणजे विमानातला रेडिओ वापरायच्या परवान्याची, तयारी केली. तोवर जिथे उडत होते तिथे दाब इंचांत आणि दृश्यमानता मैलांत, इथे हेक्टोपास्कल आणि मीटर. तिथल्या लहान धावपट्ट्यांवर टॉवर नसतो, आपणच रेडिओवर आपली जागा सांगत उतरायचं. इथे निघण्याआधी फ्लाइट प्लॅन, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा एडीसी नंबर, उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर. ही सवय मोडायला वेळ लागला. आणि ढग! ॲरिझोनात शिकलेल्या मला पावसाळी आभाळ वाचताच येत नव्हतं. नोकरी लागल्यावर पहिल्या जूनमध्ये मुंबईच्या 27 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना कॅप्टनच्या शेजारी बसून पाहिलं, वायपर फुल स्पीडवर आणि धावपट्टीचे दिवे एकदम शेवटी दिसले. त्या दिवशी धुळ्याला शिकलेल्यांचा मनापासून हेवा वाटला.

नोकरीही लगेच मिळाली नाही. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर 2012 मध्ये थांबली होती, अनुभवी वैमानिक बाजारात होते, नवख्यांना कोण विचारणार? माझी पहिली नोकरी 2016ची. शिकायला अमेरिकेला गेलं की तिथेच नोकरी लागते, अशी समजूत फार आहे. विद्यार्थी व्हिसा म्हणजे तिथे राहून काम करायचा हक्क नव्हे, आणि तिथल्या एअरलाइनला उड्डाणाचे साधारण 1500 तास लागतात.

म्हणून माझं मत असं. आधी वैमानिकाची वैद्यकीय तपासणी: क्लास टू मेडिकल, मग त्याहून कडक क्लास वन. ते हातात येईपर्यंत कुठल्याही शाळेला एक रुपया देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका मुलाचा रंगदृष्टीचा दोष पन्नास तास उडाल्यावर कळला. मग डीजीसीएचे पेपर इथेच द्या. पेपर सुटले तर मुलाची चिकाटीही कळते, आणि त्याला फार खर्च येत नाही.

त्यानंतर एक दिवस काढून इथल्या दोन-तीन संस्थांना जाऊन या. ऑफिसात बसू नका, विमानं ठेवतात त्या हँगरपाशी उभे राहा. उडण्याजोगी विमानं मोजा, विद्यार्थी किती ते विचारा, आणि चहाच्या टपरीवर मुलांना विचारा की गेल्या महिन्यात किती तास झाले. महिन्याला पंधरा-वीस तास होत असतील तर इथेच शिकू द्या. कन्व्हर्जन नाही, डॉलर नाही, पाऊसही ओळखीचा होतो. तीन-चार तासच होत असतील तर बाहेर पाठवा, पण डीजीसीएच्या अटी छापून त्याच्या बॅगेत ठेवा आणि पीआयसीच्या 100 तासांचा हिशेब दर महिन्याला मागा. कर्ज मात्र नोकरी दोन वर्षं उशिरा लागेल असं धरूनच काढा. नोकरी मिळाल्यावरही टाइप रेटिंगचा, म्हणजे एअरलाइनचं ठरावीक जातीचं विमान चालवायच्या प्रशिक्षणाचा, खर्च बऱ्याचदा आपल्यालाच करावा लागतो, तोही धरा.

काकू, तुमच्या मुलाची मेडिकलची तारीख गुरुवारची आहे ना? चष्म्याचे जुने नंबर आणि पूर्वी काही ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद सोबत द्या. शनिवारी मला सुट्टी आहे. त्याला घेऊन या, माझं लॉगबुक दाखवते, ते तेरा तास लाल शाईने लिहून ठेवलेत.