टाच

सोळा वर्षं कथक केल्यावर मालिकेच्या सेटवर पहिल्यांदा उभी राहिले ती गोरेगावच्या चित्रनगरीत. नाचणारीला पडद्यावर बोलावतात ते बहुतेक नाचासाठीच. जयश्री गडकर समूहनृत्यातून पुढे आल्या आणि १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'नं घरोघरी पोचल्या, त्यातही लावणी होतीच. मला मात्र एक पाऊलही नाचायचं नव्हतं. भूमिका थोरल्या जावेची. माहेरून फोन येतो, आई गेल्याचं कळतं, ती ओट्यावरचा पेला उचलते, पाणी पिते आणि म्हणते, "पोळ्या झाल्यात, वाढून घ्या." एवढंच.

मास्टर शॉट, म्हणजे अख्खा प्रसंग एकसलग दुरून, दुसऱ्याच टेकला झाला. जमिनीवरच्या चिकटपट्टीकडे न बघता मी बरोबर खुणेवर थांबले. जन्मभर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येत आलेय, ते अवघड नव्हतं.

मग क्लोजअप लागला. "मॅडम, कुठं बघताय?" दिग्दर्शकांनी विचारलं. कुठंच नाही, मी म्हणाले. त्यांनी मॉनिटरवर दाखवलं. हात पेल्याकडे निघाला की माझे डोळे त्याच्या मागोमाग खाली जात होते. 'यतो हस्तस्ततो दृष्टिः', जिकडे हात तिकडे नजर. अभिनयदर्पण या जुन्या संस्कृत ग्रंथातला हा श्लोक मी नवव्या वर्षी पाठ केलाय. रंगमंचावर त्यावर सगळं उभं असतं. मागच्या रांगेतल्या माणसाला माझा हातच सांगतो की मी काय पाहतेय. इथं हात चौकटीबाहेर. उरले नुसते दोन डोळे, विनाकारण खाली पडलेले, आणि हजार माणसांना दिसावी इतकी उचललेली भुवई. आतून मला भरून आलं होतं. पडद्यावरची बाई मात्र रडू येतंय असं दाखवत होती. ते पाहणं फार लागलं मला.

सात टेक गेले. जेवणाच्या सुट्टीत मी पुण्याला बाईंना, माझ्या कथकच्या गुरूंना, फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बसून ठुमरीचा भाव करताना शेवटी शेवटी तुला हात कशाला लागायचा गं?" खरंच लागायचा नाही. एकच ओळ दहा वेळा यायची आणि दहाव्यांदा फक्त श्वास बदलायचा.

सुट्टीनंतर मी भुवईचा, डोळ्यांचा विचार सोडला. फोन कानाला असताना श्वास घेतला आणि सोडायला विसरल्यासारखा धरून ठेवला. पाणी प्यायल्यावर सोडला. मॉनिटरमागे कुणी बोललं नाही. कंटिन्युइटी बघणारी मुलगी तर खूश होती. प्रत्येक टेकला पेला 'पोळ्या'च्या आधी, त्याच क्षणी खाली ठेवला जात होता. मात्रा मोजायची सवय, दुसरं काय.

तेवढ्यात साउंड रेकॉर्डिस्ट हेडफोन उतरवून आले. "ठक ठक कसली येतेय?"

सगळे पंखे, फ्रिज, नळ तपासू लागले. मी खाली पाहिलं. साडीच्या निऱ्यांखाली माझी उजवी टाच तीनताल धरून बसली होती.

मी माफी मागून पाय आवरला आणि पुढच्या टेकला श्वासच चुकला. त्या गृहस्थांनी काही न बोलता एक घोंगडी आणली, चार घड्या केल्या आणि माझ्या पायाखाली सरकवली.

"ताई, चालू द्या पाय," ते म्हणाले. "आता ऐकू येत नाही."