मेलेल्या खोडांची नोंद

मसिनगुडी, मार्चअखेर

तमिळनाडूतील मुदुमलाईच्या रानात झाडांच्या अभ्यासासाठी राखलेल्या 50 हेक्टरांच्या कायम क्षेत्रात आज काही चौकटींची वार्षिक पाहणी पूर्ण झाली. या पाहणीत जाडी मोजायची नसते. आधी नोंदलेले खोड जिवंत आहे की नाही, मेले असल्यास कशाने, आणि 1 सेंटीमीटर जाडी ओलांडून कोणती नवी झाडे नोंदीत आली, एवढेच पाहायचे असते. सगळ्या खोडांची मोजणी दर चार वर्षांनी होते.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने 1988 मध्ये हे क्षेत्र आखले, तेव्हा एक किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद तुकड्यात 20 मीटर बाजूच्या 1250 चौकटी पाडून सुमारे 26 हजार झाडांना क्रमांकाचे बिल्ले लावले गेले. पद्धत पनामातील बारो कोलोराडो बेटावरच्या अशाच झाडमोजणीची. मात्र ते बेट दमट रानाचे आहे आणि हे रान पानगळीचे, वणव्यांचे आणि हत्तींचे. ऐन, धावडा, नाणा, साग ही वरच्या थरातील झाडे आपल्याकडच्या माणसालाही परकी वाटत नाहीत.

मला यातील सर्वांत अवघड नोंद मरणाची वाटते. पावसाळ्यात पुरुषभर वाढलेले गवत उन्हाळ्यात पेटले, की बारीक खोडे जमिनीपर्यंत जळतात, पण मुळे जगतात आणि पहिल्या सरींनंतर बुंध्यातून फुटवे येतात. बहाव्याचे किंवा मुरुडशेंगेचे असे खोड मेले म्हणावे, तर झाड जिवंत आहे. जिवंत म्हणावे, तर जमिनीवर मोजण्याजोगे काही उरलेले नाही. म्हणून खोड गेले आणि झाड गेले या दोन गोष्टी वेगळ्या लिहाव्या लागतात, आणि फुटवा 1 सेंटीमीटरचा होईपर्यंत त्या क्रमांकाकडे वर्षानुवर्षे परत यावे लागते. आमच्या सोबतचे कुरुंब आदिवासी सहकारी जळका बुंधा नखाने खरवडून, आतला ओलावा पाहून सांगतात. त्यांच्या निदानावर माझा वहीतल्या खुणांइतकाच विश्वास आहे.

वारंग या झाडाची गोष्ट तर पहिल्या गणनेतच सुरू झाली होती. पाच हजारांहून अधिक वारंग होते, म्हणजे संख्येने तीच सर्वांत मोठी जात. हत्तींना तिच्या फांद्या आणि साल आवडते. ते झाड वाकवतात, मोडतात, सोलतात, आणि वाचलेल्यांना वणवा गाठतो. त्यामुळे पुढील काही वर्षांत ही संख्या झपाट्याने घसरली. तेवढीच वर्षे पाहणाऱ्याने हत्तींनी रान संपवले असा निष्कर्ष काढला असता, आणि तो मला उतावळा वाटला असता, कारण त्याच काळात वरच्या थरातील मोठ्या झाडांचे मरण फारच कमी होते. हानी मुख्यतः लहान जाडीच्या वर्गात झाली होती.

जाडीच्या आकड्यांतही असेच सावध राहावे लागते. कोरड्या दिवसांत साल आकसते, वणव्यात तिचा वरचा पापुद्रा जळून जातो, आणि चार वर्षांपूर्वी मोजलेले खोड आज किंचित बारीक भरते. नवखे लोक असे आकडे चुकीचे समजून पुसायला निघतात. ते पुसू नयेत; वजा वाढ तशीच ठेवावी आणि शेजारी वणव्याचे वर्ष लिहावे, म्हणजे 2002 सारख्या मोठ्या वणव्यानंतरच्या मोजणीत साल किती गेली आणि लाकूड किती वाढले, हे निदान अंदाजाने वेगळे काढता येईल.