वुजू पुन्हा करायचा नाही

नमाजाची वेळ होऊन गेली तरी बारावीतलं पोर वुजू करत, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुत, नळाशीच. कोपर नीट भिजलं का? मध्येच वारा सरून वुजू तुटला तर नाही? चला, पुन्हा पहिल्यापासून. घरचे कौतुकानं म्हणतात, दीनदार (धर्मनिष्ठ) झालाय. इथंच घोटाळा होतो. हा वसवसा आहे, म्हणजे पाठ न सोडणारी शंका. रोजचा तास-तास खाऊ लागला, शाळा-कॉलेज बुडू लागलं, तर डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात, म्हणजे त्याच त्या विचारांचा आणि कृतींचा मानसिक आजार. ही दीनदारी नव्हे.

दीन, म्हणजे धर्म, तर इथं हात आखडताच घ्यायला सांगतो. अवयव जास्तीत जास्त 3 वेळा धुवायचे, डोक्यावर ओला हात फिरवायचा, बस. चौथ्यांदा धुण्यात सवाब (पुण्य) नाही. पैगंबरसाहेब एका मुद (जुनं माप) पाण्यात वुजू करत, म्हणजे साधारण पाऊण लिटर. म्हणून नळ बंद करा, लिटरभराचा तांब्या द्या. पाणी संपलं की वुजू झाला. गोव्याच्या पावसाळ्यात सारखे ओले पाय म्हणजे बोटांत चिखल्या ठरलेल्याच, तेवढं तरी वाचेल.

काहीजण नियतवर, म्हणजे मनातल्या इराद्यावर, अडकतात. 'अल्लाहु अकबर' म्हणत हात वर, नियत जुळली नाही म्हणून खाली, परत वर. शाफई पंथात वुजूलाही नियत फर्ज (बंधनकारक), हनफी पंथात सुन्नत (पैगंबरांची रीत, पण बंधनकारक नाही). पण दोघांच्याही मते नियत असते मनात. नमाजाला उभा राहिला, तिथंच ती आली.

फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, नियम आहे, शंकेनं खात्री मोडत नाही. वुजू केल्याची खात्री आणि तुटल्याची नुसती शंका असेल, तर वुजू कायम. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) स्पष्ट आहे: आवाज ऐकू आल्याशिवाय किंवा वास आल्याशिवाय नमाज सोडू नये. ज्याला रोजच शंका येते, त्याला उलेमा (धर्मपंडित) तिकडे लक्षच देऊ नको म्हणतात.

मानसोपचारही वेगळं काय करतो? शंका येऊ द्यायची, धुवायचं नाही, बेचैनी आपसूक उतरेपर्यंत थांबायचं. सुरुवात हलक्या शंकेपासून. औषध लागलं तर गुण यायला 8 ते 12 आठवडे जातात; पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून गोळ्या सोडू नयेत.

बिघडतं ते बहुतेकदा मायेपोटी. आई दर वेळी 'झाला रे बाळा, झाला' म्हणते, पाच मिनिटं बरं वाटतं आणि प्रश्न परत हजर. मौलानांना रात्री-अपरात्री फोन करणं त्यातलंच. उत्तर एकदाच द्यावं. शंका पळवायला मोजून जिक्र (अल्लाहचा जप) सुरू केला, तर तोही नवा वुजूच होऊन बसतो.

गोव्यात बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार रुग्णालयात दाखवता येईल. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो आणि मोफत आहे. जाण्याआधी आठवडाभर वहीत टिपून ठेवा: काय, किती वेळा आणि किती मिनिटं.