मिस क्रॅबट्रीच्या वर्गातलं आइस्क्रीम

लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीला मेट्रोतून उतरलं की ऑफिसपर्यंत चालत जायला मला पंधरा मिनिटं लागतात. वाटेत वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर एक लहानशी बाग आहे आणि तिथे दगडावर एक पाटी आहे. वर्षभर मी तिच्यासमोरून गेले, पण ती वाचली एकदाच, सिग्नल लवकर सुटेना म्हणून. १९१९ ते १९६३ या काळात इथे चित्रपट निर्माते हॅल रोच यांचा स्टुडिओ होता, जगाला हसवणारा कारखाना, अशा अर्थाचा मजकूर. स्टुडिओ १९६३ मध्येच पाडला.

संध्याकाळी शेजारच्या आजोबांना हे सांगितलं. ते पंच्याहत्तरी ओलांडलेले, कृष्णवर्णीय, इथेच वाढलेले. माझी लेक त्यांना आजोबाच म्हणते आणि त्यांनाही आता त्या शब्दाची सवय झाली आहे. ते म्हणाले, “अगं, माझं सगळं बालपण त्या कारखान्यातून आलंय.” त्या शनिवारी त्यांनी आम्हाला ‘टीचर्स पेट’ दाखवला. १९३० चा, जेमतेम वीस मिनिटांचा बोलपट. तेव्हापासून मी तो इतक्या वेळा पाहिलाय की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हा बोलपट ज्या मालिकेतला, ती मुलांची चित्रमालिका रोच यांनी १९२२ मध्ये सुरू केली. तिचं नाव ‘अवर गँग’. ती कशी सुचली याची गोष्ट ते नेहमी सांगत. एक नटवी, पढवलेली मुलगी त्यांच्यापुढे काम दाखवून गेली आणि ते कंटाळून खिडकीशी उभे राहिले. समोरच्या लाकडाच्या वखारीत पोरं काठ्यांवरून भांडत होती. सगळ्यात लहान पोराने सगळ्यात मोठी काठी पकडलेली आणि सगळ्यात मोठ्या पोराला नेमकी तीच हवी! रोच पाव तास ते भांडण बघत राहिले. आपण पाव तास हलत नाही, तर लोकही हलणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं. पढवलेली मुलं नकोत, मुलांसारखी मुलं हवीत, एवढंच त्यांचं सूत्र. ते मला फार पटतं.

मग आवाज आला आणि पंचाईत झाली. मूकपटात दिग्दर्शक रॉबर्ट मॅकगोवन कॅमेरा चालू असताना मुलांना मोठ्याने सांगू शकत, इकडे बघ, आता दचक, आता पळ. मायक्रोफोन आल्यावर त्यांनाच तोंड मिटून बसावं लागलं. आता मुलांनी आधी वाक्यं पाठ करायची आणि मग ती सहज सुचल्यासारखी बोलायची. त्यांतल्या कितीजणांना अजून वाचताही येत नव्हतं. १९२९ चा ‘स्मॉल टॉक’ हा त्यांचा पहिला बोलपट. त्यात मुलं एक वाक्य बोलतात, थांबतात, मग दुसरं बोलतात, आणि ते अवघडलेपण लपत नाही. याच स्टुडिओत लॉरेल आणि हार्डी स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन आवृत्त्यांसाठी उच्चाराबरहुकूम फळ्यावर लिहिलेले संवाद वाचत, कारण डबिंगची सोय अजून बसलेली नव्हती. आपल्याकडे १९३२ मध्ये कोल्हापूरला प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला, तोही याच अडचणीतून.

वर्षभरात मात्र ही मुलं अशी काही बोलायला लागली की बघत राहावं. ‘टीचर्स पेट’मध्ये आवडत्या बाईंचं लग्न होऊन त्या गेल्यात आणि नव्या येणार आहेत, मिस क्रॅबट्री. क्रॅब म्हणजे खेकडा, आणि इकडे किरकिऱ्या माणसालाही तेच म्हणतात. एवढ्या नावावरून पोरं ठरवून टाकतात की बाई म्हातारी आणि खाष्ट असणार. मग पांढरा उंदीर येतो, लाल मुंग्या येतात, आणि ‘मुलाला घरी बोलावलंय’ अशी थापही तयार होते. शाळेच्या वाटेवर टोळीतल्या जॅकीला एक सुंदर तरुणी गाडीत घेते. तिच्याशेजारी बसून हा पठ्ठ्या सगळा कट बारीकसारीक तपशिलांसह सांगून टाकतो. ती कोण, हे प्रेक्षकांना केव्हाच कळलेलं असतं.

या प्रसंगात घडत काहीच नाही, दोघं नुसती बोलत बसलीत. मूकपटात तो उभाच राहिला नसता. जॅकीचा आवाज अभिमानाने फुगतो, मध्येच खाली येतो, गुपित सांगताना पुढे झुकतो, आणि ती बाई शांतपणे ऐकत जाते. जॅकी कूपर तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा! बाई झालेल्या जून मार्लो यांचे केस मुळात काळे, पडद्यावर दिसतो तो सोनेरी टोप. पण त्या पोराच्या डोळ्यांतलं प्रेम खरं वाटतं.

वर्गात बाई थाप मारणाऱ्या मुलांना घरी जाऊ देतात आणि मागे राहिलेल्यांना केक आणि आइस्क्रीम वाटतात. बाहेर जॅकी रडतो. मग त्या त्याच्यासाठीही बशी घेऊन बाहेर येतात आणि तो घास गिळत, हुंदके देत सांगतो की तुम्ही आधीच्या बाईंपेक्षाही सुंदर आहात.

याच वर्गात फरिना आणि स्टायमी ही दोन काळी मुलं गोऱ्या मुलांच्या शेजारी बसतात. आजोबांनी तिथे चित्र थांबवलं. ते म्हणाले, अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा अशा वर्गाला कायद्याने बंदी होती. सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली ती विभागणी बेकायदा ठरवली १९५४ मध्ये. १९५५ पासून हे बोलपट ‘लिटल रास्कल्स’ या नावाने टीव्हीवर लागायला लागले, तेव्हा आपल्यासारखं दिसणारं पोर त्या टोळीत बरोबरीने भांडताना बघून त्यांचा ऊर भरून यायचा. काळ्यांची चेष्टा करणारे विनोदही त्याच मालिकेत होते आणि ते लागले की त्यांचे वडील उठून खोलीबाहेर जायचे. त्यांना दोन्ही आठवतं. सत्तरच्या दशकात तसे प्रसंग टीव्हीसाठी कापले गेले. एवढी वर्षं हे बोलपट पुन्हापुन्हा दाखवले गेले, पण त्या कमाईतून या मुलांना काही मिळालं नाही. याचा मला मनापासून राग येतो.

स्टायमीची गोल टोपी स्टॅन लॉरेल यांची, असं सांगतात. सेटवर मुलांची शाळाही भरे, फर्न कार्टर नावाच्या बाईंची, खरी.

जॅकीबद्दल लेकीने विचारलं, “तो खरंच रडतोय?” तिच्यापासून मी काही लपवत नाही. पुढच्याच वर्षी ‘स्किपी’ या चित्रपटासाठी त्याला सर्वोत्तम अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. त्याच्या चित्रीकरणात त्याला रडू येईना, म्हणून त्याच्या कुत्र्याला गोळी घातल्याचं नाटक केलं गेलं. दिग्दर्शक त्याच्या मावशीचा नवराच होता. कुत्रा जिवंत होता. जॅकीने हे म्हातारपणी लिहून ठेवलं, इतकं ते त्याला सललं होतं.

लेक बराच वेळ गप्प बसली. मग तिने आजोबांच्या हातातला रिमोट घेतला, आइस्क्रीमचा प्रसंग पुन्हा लावला आणि उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली. बाईंच्या हातातली बशी पोराच्या हातात जाईपर्यंत ती तिथेच उभी होती.