पुनाखा, भूतान, रात्रीचे साडेनऊ

आज पुनाखाच्या झोंगमध्ये, म्हणजे इथल्या किल्लेवजा मठात, आई पहिल्या अंगणातच एका कोपऱ्यात जी उभी राहिली ती हलेचना. ग्रुप पुढे गेला, गाइड दोनदा वळून बघून गेला आणि ही हात जोडून तशीच. मोठं बोधीचं झाड आहे तिथे आणि त्या कोपऱ्यात काही दगड, शेजारी नागराणीची मूर्ती. मी जवळ गेले तर म्हणाली, "अगं, या तर आपल्या साती आसरा." गावी मळ्यातल्या विहिरीजवळ शेंदूर लावलेले सात दगड आहेत, लग्न होऊन आली तेव्हापासून आई तिथे नारळ फोडते. इथे शेंदूर नाही, नारळ नाही, पण तिला ओळख पटली ती पटलीच.

गाइडने सांगितलं यांना लू म्हणतात. लू म्हणजे नागच, झऱ्यात, झाडाखाली, दगडात राहणारे. झरा घाण केला की लू रागावतो, अंगावर त्वचेचे रोग उठतात असं लोक मानतात, म्हणून झऱ्यापाशी नीट वागायचं. त्यांना मांस चालत नाही, दूध लागतं. दूध म्हटल्यावर आईने माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे नागपंचमीला तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, तळत नाहीत, पुरणाचे दिंड उकडायचे, पाटावर गंधाने नाग काढायचा, लाह्या आणि दूध. हे सगळं तिला इथे हिमालयात, फो छू आणि मो छू, म्हणजे बापनदी आणि आईनदी, यांच्या संगमावर 1637 साली भूतान एकत्र आणणाऱ्या शबद्रुंग न्गवांग नामग्याल यांनी बांधायला घेतलेल्या वास्तूत भेटलं.

आणि मी खरं तर ड्रॅगन बघायला आले होते. विमानाच्या शेपटीपासूनच तो दिसायला लागतो, झेंड्यावर तर पांढराशुभ्र, पंज्यात रत्नं धरलेला, अर्धा पिवळ्यावर अर्धा केशरीवर. पिवळा राजाचा, केशरी धर्माचा. देशाचं नावच ड्रुक युल, ड्रुकचा म्हणजे ड्रॅगनचा देश, आणि राजा ड्रुक ग्याल्पो. गोष्ट अशी की त्सांगपा ग्यारे नावाचे लामा 1206 साली तिबेटमध्ये मठासाठी जागा शोधत होते, तिथे जमिनीतून नऊ ड्रॅगन गडगडत आकाशात झेपावले, वरून फुलं पडली, आणि मठाला, पंथाला ड्रुकचं नाव लागलं. ड्रुक या एकाच शब्दाचे दोन अर्थ, ड्रॅगन पण आणि ढगांचा गडगडाट पण. लहानपणी ढग गडगडले की आई म्हणायची म्हातारी हरभरे भरडतेय. इथल्या आया सांगत असतील ड्रुक बोलतोय.

म्हणजे इथे दोघं वेगवेगळे आहेत, वर ढगात ड्रुक आणि खाली झऱ्यात लू. चीनमध्ये मात्र बौद्ध ग्रंथांची भाषांतरं करणाऱ्यांनी नाग या शब्दासाठी सरळ लुंग, म्हणजे ड्रॅगन, हाच शब्द वापरला, त्यामुळे आपला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन तिकडे लुंगशू झाला, ड्रॅगन-वृक्ष. तिबेटीत तोच लुड्रुब, तिथे नाग नागच राहिला. मला हे फार सुंदर वाटतं, की एक शब्द डोंगर ओलांडताना एका वाटेने गेला तर साप राहतो आणि दुसऱ्या वाटेने गेला तर त्याला पाय फुटतात, मिशा फुटतात, तो ढगात जातो. चीनचा ड्रॅगन पाऊस देणारा. पाऊस पडला नाही तर गावकरी ड्रॅगनराजाची मूर्ती देवळातून काढून उन्हात ठेवायचे, तापू दे जरा, कळू दे आमचे हाल! आपल्याकडे महादेवाचा गाभारा पाण्याने भरून देव कोंडतात त्याच जातीचं हे, देवावर इतका हक्क आपल्या माणसांनाच असतो.

सगळीकडे वाचायला मिळतं की पूर्वेचा ड्रॅगन चांगला आणि पश्चिमेचा वाईट. मला हे पटत नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त बघा, इंद्र वज्राने वृत्राला मारतो आणि अडवलेलं पाणी मोकळं होऊन समुद्राकडे धावतं, गाई हंबरत निघाव्यात तसं. त्या वृत्राला अहि म्हटलंय, अहि म्हणजे सापच. म्हणजे मारणारे आपणही होतो. तिकडे सेंट जॉर्जच्या गोष्टीतला ड्रॅगनसुद्धा गावाबाहेरच्या तळ्यातच राहतो, आधी मेंढ्या खातो मग चिठ्ठ्या टाकून माणसं. प्रत्येक वेळी पाणीच. जिथे पाणी तिथे हा बसलेला, आणि माणसाला पाण्यावाचून तर राहता येत नाही, मग याचं करायचं काय, हा खरा प्रश्न असावा. कुणी मारलं. कृष्णाने कालियाला मारलं नाही, फण्यांवर नाचून यमुनेतून समुद्राकडे घालवला. आणि कुणीतरी वाटीभर दूध ठेवलं. अजिंठ्याला एकोणीस नंबरच्या लेण्याबाहेर तो सात फण्यांचा नागराजा राणीला शेजारी घेऊन किती निवांत बसलाय! पूर्वी बघितला तेव्हा फोटो काढून पुढे गेले होते, आज मात्र तो सारखा डोळ्यासमोर येतोय. ज्याची भीती वाटते त्यालाच दाराशी बसवून राखण करायला सांगायची, हे ज्याला पहिल्यांदा सुचलं तो मला इंद्रापेक्षाही शूर वाटतो.

झोंगमधून बाहेर आलो तेव्हा नीलमोहर फुललेला, जमिनीवर जांभळा सडा, आणि डोंगराच्या मागून एकदम गडगडाट झाला. एप्रिलचा वळीव. पुलावर सगळे पळायला लागले, आई मात्र कठड्याला धरून वर बघत राहिली, चेहऱ्यावर पाण्याचे थेंब, चष्मा पण पुसला नाही.

आता ती झोपलीये. झोपायच्या आधी गाइडला फोन करायला लावला मला. हॉटेलच्या खाली भाताच्या खाचरांच्या कडेला एक झरा आहे, त्याच्याशेजारी लूचं पांढरं छोटं देऊळ, लुबुम म्हणतात, सकाळी सातला तो तिथे नेणार आहे. किचनमध्ये वाटीभर कच्चं दूध सांगून ठेवलंय.